घरी कोणी हात उचलतं का?

निवृत्त झाल्यापासून भेटणारा जो तो मला एकच विचारतो, सिस्टर, आजवर किती बाळंतपणं केली असतील हो तुम्ही? मी हसून वेळ मारून नेते. मोजायला कधी सवडच झाली नाही. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांमध्ये नर्स म्हणून राहताना मी आणखी एक काम केलं. त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. गरोदर बाईला घरात नवऱ्याचा मार बसत असेल तर तिला बोलतं करायचं, आणि ती बाळंत होईपर्यंत तिला आणि पोटातल्या जिवाला धड ठेवायचं, हे ते काम. नव्वदच्या आसपास मी हे करायला लागले तेव्हा त्याला काही नावही नव्हतं. पुढे त्याला समुपदेशन म्हणू लागले. बायका आपल्या म्हणायच्या, नर्सबाईजवळ बसून आली.

शहरातल्या वाचकांना वाटेल, बाई पोटुशी आहे म्हटल्यावर तरी नवऱ्याचा हात थांबत असेल. मलाही तसंच वाटायचं. पण तपासणीच्या टेबलावर बायका झोपायच्या, मी लुगडं जरा बाजूला करायची, आणि दंडावर, मांडीवर, कधी थेट पोटाच्या कडेला काळंनिळं दिसायचं. विचारलं की उत्तरं ठरलेली. शेळीने ढुशी मारली. दाराची कडी लागली. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पाय घसरला. आमच्या भागातल्या शेळ्या, दारं आणि पाळी या बायकांनी उगाचच बदनाम करून ठेवल्या होत्या.

गडचिरोलीला एकदा आमचं शिबिर झालं. तिथे या कामात केस पांढरे झालेल्या एक बाई शिकवायला आल्या होत्या. त्यांनी सांगितलेलं मी शेवटपर्यंत धरून राहिले. बाई एकटी असेल तेव्हाच विचारा, सरळ विचारा, आणि ‘काऊन मारते’, म्हणजे का मारतो, हे विचारूच नका, कारण मग ती स्वतःचीच चूक शोधायला लागते. तिने नाही म्हटलं तर नाही. पुढच्या वेळी पुन्हा विचारा. आणि नवरा सोड की राहा, हे तुम्ही ठरवू नका.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण खेड्यात गरोदर बाई एकटी सापडणं म्हणजे काय, ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. सासू, नणंद, जाऊ, कोणी ना कोणी सोबत असतंच. आमचं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. एका खोलीत मी राहायची, दुसरीत तपासणी. टेबलाभोवती मी जुन्या लुगड्याचा पडदा लावला होता. गरोदरपणाच्या तपासणीत पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकावे लागतात आणि त्याला शांतता लागते, एवढं एकच कारण माझ्या हातात होतं. सगळ्यांना बाहेर घालवायची, नळी लावायची आणि वाकलेलीच हळूच विचारायची, “घरी कोणी हात उचलतं का?”

मार्कंड्याच्या खालच्या अंगाला वैनगंगेच्या काठावर एक गाव आहे. थोडी धानाची शेती, बाकी ढीवरांची वस्ती. नदीवर आणि गावतलावात मासे मारून पोट भरणारी माणसं. तिथे माझी बदली झाली त्या वर्षी शालू नावाची एक सून तपासणीला आली. बावीस-तेवीस वर्षांची, हडकुळी, डोळे खाली. सोबत सासू भागरथाबाई. शालूचं हे दुसरं पोट होतं. पहिलं सहाव्या महिन्यात पडलं होतं. कसं पडलं, हे शालूला विचारलं तर उत्तर पडद्याबाहेरून सासूने दिलं, “पाळीवरून पडली ते. पाय पाहून टाकत नाई.”

शालूच्या दंडावर चार बोटांचे ठसे होते. पाळीला बोटं नसतात. मी नळी लावली, ठोके ऐकले आणि माझा प्रश्न विचारला. तिने मान हलवून नाही म्हटलं. मी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या गुरुवारी ये म्हणाले.

तिचा नवरा दिवाकर. त्याच्याविषयी गावात कोणाला विचारलं असतं तर मलाच वेड्यात काढलं असतं. जिल्ह्यात दारूबंदी झाली होती तरी घरोघर मोहाची मिळायची, पण हा तिला शिवत नव्हता. पट्टीचा पोहणारा. मार्कंड्याच्या जत्रेत नदीत कोणी बुडालं की याला हाक मारायचे. कितीतरी जणांना त्याने वर काढलं होतं. मला रस्त्यात भेटला की हात जोडून नमस्कार करायचा. नवरा मारतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे झिंगलेला माणूस येतो. दिवाकरचे केस नीट विंचरलेले असायचे.

शालूबद्दलची माझी शंका पक्की केली ती शमीमआपाने. शमीमआपा चामोर्शीची, बांगड्या भरणारी. टोपली घेऊन एसटीने, पायी, डोंग्याने नदीच्या दोन्ही काठांवरची गावं करायची. माझ्या पडवीत पाणी प्यायला टेकायची. त्या दिवशी ती बराच वेळ टोपलीशी काही तरी करत बसली आणि मग म्हणाली की शालूच्या हातात बांगड्या भरताना जरा दाबावं लागलं, तशी ती रडायलाच लागली. मनगटावर जुन्या काचांचे वण होते, नवे पण होते.

“सिस्टर, काम करता करता चुडी फुटते तं एखादी फुटते,” ती म्हणाली. “हिच्या तं दोन्ही हाताच्या संग फुटून राह्यल्या. कोणी तरी हात धरून ठेवत असन.”

आता प्रश्न होता भागरथाबाईचा. ती पडद्याला चिकटून बसायची. शिवाय कान तिखट. पण ती चालताना गुडघा धरते, हे मी पाहिलं होतं. पुढच्या गुरुवारी मी तिला पडवीच्या दुसऱ्या टोकाला बाकावर बसवलं, रबराच्या पिशवीत गरम पाणी भरून गुडघ्यावर ठेवलं आणि सांगितलं की पिशवी गार होईपर्यंत हलायचं नाही. म्हातारीला ते इतकं आवडलं की त्यानंतर दर गुरुवारी तीच सुनेच्या आधी तयार होऊन बसायची. सरकारी नोकरीत मला कोणी शाबासकी दिली नाही, पण या पिशवीबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेते.

त्या दिवशीही शालू काही बोलली नाही. त्याच्या पुढच्या वेळी मी ठोके ऐकत होते आणि तीच हळू आवाजात म्हणाली, “बाई, ते जित्तं आहे न?”

आहे म्हटलं, स्टेथोस्कोप पोटाला धरून त्याची टोकं तिच्या कानांत घातली, आणि ती ऐकता ऐकता रडायला लागली. मग तिने सांगितलं. कारण काहीही चालायचं. भात गार, जाळं नीट वाळलं नाही, कोणाकडे पाहून हसली. आधी हात धरायचा. एरवी तोंडात मारायचा, पण पोट दिसायला लागल्यापासून पोटाकडेच मारायचा. पहिल्या खेपेला लाथ बसली होती. पाळीवर ती गेलीच नव्हती.

मी विचारलं, तुला काय हवं? हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारायची आणि बहुतेक जणी गोंधळून जायच्या, कारण तो त्यांना कोणी विचारलेलाच नसायचा. शालू गोंधळली नाही. पोलिसात जायचं नाही, त्याच्याशी तुम्ही बोलायचं नाही, बोललात तर घरी गेल्यावर माझंच मरण. हे लेकरू तेवढं जित्तं हातात येऊ द्या, मग पुढचं पाहीन, असं ती म्हणाली.

तिचं बरोबरच होतं. नवऱ्याला बोलावून चार गोष्टी सुनवायची हौस मलाही यायची. पण त्या सुनावण्याची किंमत बाई घरी जाऊन भोगते.

मग आम्ही दोघींनी मिळून विचार केला. तिचं माहेर नदीपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात. पाऊस लागला, नदी भरली की डोंगा बंद. त्याआधी ती निघायला हवी होती. दिवाकर माहेरी पाठवायला तयार नव्हता. पण पहिलं पोट गेलेलं, अंगात रक्त कमी, ही जोखमीची बाई आहे, तिचं बाळंतपण घरी करायचं नाही, हे तर शंभर टक्के खरं होतं. आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तिला तपासून तसं घरच्यांना स्पष्ट सांगितलं. आठवा लागला की चामोर्शीला दवाखान्याजवळ राहायचं, आई येऊन सोबत करील. शमीमआपाने पलीकडच्या काठावर बांगड्या विकता विकता आईला निरोप पोचवला, आणि चामोर्शीत आपल्या घरामागची खोली रिकामी करून ठेवली. आणि तोवर काही झालं तर काय करायचं तेही ठरलं. त्याचा आवाज चढला की चूल, विळी, पाटा यांच्याजवळ थांबायचं नाही, दाराकडे सरकायचं. आणि उपकेंद्राचं दार कधीही वाजवायचं, चक्कर येते एवढंच सांगायचं.

दिवाकर डॉक्टरांपुढे हात जोडून म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं साहेब. निघायच्या दिवशी मात्र त्याने तिला घराबाहेर पडू दिलं नाही. आई बिचारी डोंग्याने येऊन, दारातून परत गेली.

त्यानंतरच्या गुरुवारी पडवी बायकांनी भरलेली होती. मी एका लेकराला सुई टोचत होते. समोरच्या रस्त्याने शालू एकटी येताना दिसली. पायात चप्पल नाही, एक हात पोटाखाली धरलेला. ठरलेले शब्दही तिला म्हणता आले नाहीत. मी तिला धरून आत नेलं. तिला कळा सुरू झाल्या होत्या आणि थोडं रक्त जात होतं. अजून महिनाभर तरी अवकाश होता. मी नळी लावली. काही ऐकू येईना. जागा बदलली, पुन्हा ऐकलं. माझे स्वतःचेच ठोके कानात वाजत होते. मग डाव्या अंगाला, खाली, ते सापडले. जलद, पण चालू. मी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि तिने डोळे मिटले.

आमच्या शिपायाला सायकलवर जीप बोलवायला पिटाळलं. तो वळणापलीकडे गेला न गेला तोच दिवाकर आला. धापा नाहीत, आरडाओरडा नाही. शांतपणे मला म्हणाला, “सिस्टर, तिले घरी नेतो. तिले नाटकं करायची सवय आहे.”

ती आता कुठेही जाणार नाही, जीप येते आहे, असं मी सांगितलं. तो माझ्या खांद्यावरून आत पाहत होता. ती माझी बायको आहे, असं त्याच शांत आवाजात म्हणाला आणि एक पायरी चढला. मी दारात उभी होते. मी दोन्ही हातांनी चौकट धरली. नदीतून माणसं ओढून काढणारे हात ते. मला बाजूला करायला त्याला कितीसा वेळ लागला असता?

तेवढ्यात त्याच्या मागून भागरथाबाई आली. लंगडत, पदर सावरत. मला वाटलं, आता ही पण म्हणणार की सून पाळीवरून पडली. ती मुलाच्या शेजारून पुढे आली, पायऱ्या चढली आणि माझ्या पायांपाशी उंबऱ्यात बसकण मारली. मुलाला आत जायचं तर आईला ओलांडून जावं लागणार होतं.

“मांगचं पोट तूच पाडलं,” ती म्हणाली. “मी गावभर सांगत फिरली का पाळीवरून पडली म्हणून. आता नाई सांगत.”

ती ओरडली नाही, पण पडवीतल्या प्रत्येक बाईला ते ऐकू गेलं. लेकरं कडेवर घेऊन त्या एक एक करून उभ्या राहिल्या, एवढंच. दिवाकरने आईकडे पाहिलं, मग त्या सगळ्यांकडे. ज्या गावात हा माणूस मान वर करून हिंडायचा, तेच गाव त्याच्यासमोर उभं होतं. तो पायरी उतरला, समोरच्या चिंचेखाली जाऊन उभा राहिला, आणि जीप आली तेव्हा तिथेही नव्हता.

जीपमध्ये शालूचं डोकं माझ्या मांडीवर आणि पाय सासूच्या मांडीवर. वाटेत भागरथाबाई एवढंच म्हणाली की तिचा दादला पण असाच होता आणि तिच्यासाठी कोणी उंबऱ्यात बसलं नव्हतं. मग चामोर्शी येईपर्यंत ती सुनेचे तळवे चोळत राहिली.

चामोर्शीच्या सरकारी दवाखान्यात दुपार टळायच्या आत मुलगी झाली. एवढीशी. दोन तळहातांत मावेल अशी. क्षणभर गप्प होती. मग रडली. मी इतकी बाळंतपणं केली, पण ते रडणं ऐकून मी खाली फरशीवर बसले. डॉक्टरीणबाईंनी रक्त थांबवलं. पोरीला कापसात गुंडाळून आईच्या छातीवर ठेवलं, उबेला. शमीमआपाने घरून पेज आणली. शालूचं अंग पुसून झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या अंगावरच्या खुणा नीट पाहून घेतल्या आणि मी तिला विचारायची तेच विचारलं. या वेळी शालूने मान हलवली नाही. तोंडाने सांगितलं.

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यांचा जीव टांगणीला राहायला नको. पोरगी जगली. हळूहळू भरली आणि पुढे शाळेत जायला लागली. शालू परत त्या घरात गेली नाही. तसं मी तिला सांगितलं नव्हतं. परत गेली असती तरी माझा पडदा तिच्यासाठी होताच. माहेरी राहून ती काही महिन्यांनी चामोर्शीला आली आणि शमीमआपाच्या मागच्या खोलीत राहून बाजारात मासे विकायला बसू लागली. दिवाकर पंचांना घेऊन तिला न्यायला आला तेव्हा तिने पंचांसमोर पहिल्या पोटापासून सगळं सांगितलं, आणि तिची सासू शेजारी बसून हो म्हणत गेली. पंच चहा न घेताच उठले. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी भागरथाबाई गावाकडून मासे घेऊन यायची, सुनेच्या पाटीत ओतायची आणि नातीला घेऊन बसायची.

सगळंच असं झालं असतं तर काय हवं होतं. पुढे मुलचेऱ्याकडे बदलीवर असताना तिथल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहतीतली एक बाई माझ्याकडे आली होती. अर्धं बांगला, अर्धं हिंदी, अशा भाषेत आम्ही बोललो. तिने सगळं सांगितलं आणि पुढच्या वेळी येते म्हणाली. पुढच्या वेळी त्यांच्या घराला कुलूप होतं. कामासाठी कुठे तरी निघून गेले, असं शेजारी म्हणाले. तिचं काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही. दिवाकरनेही नंतर दुसरा घरोबा केला. तोवर माझी त्या गावातून बदली झाली होती. माझ्या जागी आलेल्या सिस्टरला मी चार्ज देताना बाकी काही सांगितलं नसेल, पण त्या घरात पुढे कधी दुसरी सून आली, तर ती तपासणीला आल्यावर सासूच्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेव आणि मग तिला विचार, एवढं मात्र सांगून ठेवलं होतं. तिने विचारलं, असा तिचा निरोपही आला. त्या सुनेने काय सांगितलं ते तिने मला कळवलं नाही आणि मी विचारलं नाही. ते त्या दोघींमधलं.

पण शालूच्या मुलीचा जन्म झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीचं मला सांगायचं आहे. सकाळी मी शालूला पाहायला दवाखान्यात गेले. तोंड किंचित उघडं, पोर छातीवर, आणि ती गाढ झोपलेली. आजूबाजूला भांडी वाजत होती, लेकरं रडत होती, झाडणारी बाई खाटांखालून झाडू फिरवत होती. ती हललीही नाही. तिची आई आदल्या संध्याकाळीच नदीपलीकडून येऊन पोचली होती. ती मला बाहेर घेऊन गेली आणि काळजीने म्हणाली की शालू कालपासून अशीच झोपते आहे, पाजायला उठवलं की पाजते आणि पुन्हा झोपते. काही बिघडलं तर नाही ना? मी आत जाऊन नाडी पाहिली, पोट पाहिलं, ताप पाहिला. काही बिघडलेलं नव्हतं.

खाटेच्या पायथ्याशी भागरथाबाई बसली होती. एक हात खाटेच्या दांडीवर, जणू खाट वाहून जाईल. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या आणि शालूला हलवून उठवायला वाकल्या, तशी म्हातारीने त्यांचा हात धरला. डॉक्टरांचा हात धरताना मी तोवर कोणाला पाहिलं नव्हतं.

“झोपू द्या तिले, बाई,” ती म्हणाली. “लगन होऊन आली तवापासून झोपली नाई ते. मले माहीत आहे. मी आइकत होती.”

डॉक्टरीणबाईंनी हात मागे घेतला. मग आवाज न करता पुढच्या खाटेकडे वळल्या.